विंगरचा लेफ्ट बॅक करताना: फुटबॉल मॅनेजरमध्ये खेळाडूची पोझिशन कशी बदलायची

एफएम २४ (फुटबॉल मॅनेजर २०२४, क्लब चालवायचा कॉम्प्युटर गेम) मधला माझा तिसरा सेव्ह, म्हणजे तिसऱ्यांदा मांडलेला डाव. इंग्लंडच्या खालच्या लीगमधला क्लब, तिजोरीत खडखडाट, आणि जानेवारीत एकुलता एक लेफ्ट बॅक (बचावातला डावीकडचा खेळाडू) गुडघा धरून बाहेर. नवा घ्यायला पैसे नाहीत. मी लेफ्ट विंगरला, म्हणजे डाव्या कडेने हल्ला चढवणाऱ्याला, खाली ओढलं, ट्रेनिंगमध्ये त्याची पोझिशन बदलून टाकली आणि निर्धास्त झालो. खेळाडूला एखादी जागा किती ओळखीची आहे ते गेम रंगीत गोलाने दाखवतो. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्याचा लाल गोल छान हिरवट झाला. तरीही समोरचा राइट विंगर दर सामन्यात त्याच्या मागून असा निसटायचा, की एसटीच्या रांगेत मागून येऊन खिडकी पकडणारे आठवावेत. २० पैकी मार्किंग ५, टॅकलिंग ६. हे आकडे मी बदल करण्याआधी पाहिलेच नव्हते.

त्या मोसमात जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतोय. स्क्रीनची नावं एफएम २४ ची आहेत. एफएम २५ रद्द झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये थेट एफएम २६ आला. त्यात मेनू बरेच हलले आहेत, पण विचार करायची पद्धत तीच राहते. २६ मधल्या एका मोठ्या फरकाबद्दल पुढे सांगतो.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- मोसमाची सुरुवात, म्हणजे प्री-सीझनचे पाच-सहा आठवडे. जानेवारीत घाईने केलेला बदल बहुतेक वेळा फसतो.
- प्रशिक्षकांचा अहवाल. खेळाडूच्या पानावर रिपोर्ट्समध्ये मिळतो.
- स्क्वॉड प्लॅनर. पुढच्या दोन मोसमांत त्या जागेवर कोण-कोण असणार, हे तिथे मांडता येतं.
- एक वही किंवा मोबाइलमधली नोट. बदल सुरू केल्याची तारीख आणि त्या दिवशीचे सात-आठ गुण लिहून ठेवायचे. चार महिन्यांनी ‘सुधारला वाटतं’ आणि ‘सुधारला’ यातला फरक ह्याच वहीत कळतो.
- तोवर ती जागा सांभाळेल असा दुसरा खेळाडू, निदान सहा महिन्यांपुरता.

इन-गेम एडिटर विकत घेऊन एका मिनिटात पोझिशन बदलता येते, हे मला माहीत आहे. ज्यांना तसं करायचंय त्यांनी खुशाल करावं. त्यांना हा लेख लागणार नाही.

१. आधी गोल नीट वाचा

खेळाडूच्या पानावर छोटं मैदान असतं आणि त्यावर रंगीत गोल असतात. गर्द हिरवा म्हणजे नॅचरल. त्याखाली उतरत्या क्रमाने अकम्प्लिश्ड, कॉम्पिटन्ट, अनकन्व्हिन्सिंग, ऑकवर्ड आणि तळाला लाल. गेमच्या पोटात ही ओळख प्रत्येक जागेसाठी १ ते २० अशा आकड्यात साठवलेली असते, आपल्याला फक्त रंग दिसतो.

नवख्या माणसाची पहिली ठेच इथेच लागते: प्रत्येक जागा वेगळी मोजली जाते. डावा बॅक आणि उजवा बॅक वेगळे. चार जणांच्या बचावातला फुलबॅक वेगळा, त्याच्या पुढच्या रेषेवरचा विंगबॅक वेगळा. डावीकडचा मिडफिल्डर वेगळा आणि त्याच्याही पुढे खेळणारा डावा विंगर वेगळा. माझ्या एका मित्राने अख्खा मोसम एका पोराला विंगबॅकची तालीम दिली आणि स्वतःच्या टॅक्टिकमध्ये मात्र त्याला फुलबॅकच्या चौकटीत उभं करत राहिला. गोल का बदलत नाही म्हणून बग शोधत बसला होता बिचारा. तेव्हा तुमच्या टॅक्टिकमध्ये नेमकी कोणती चौकट आहे ते पाहा आणि तीच जागा ट्रेनिंगला लावा.

२. पोझिशन बदलायची आहे की नुसता रोल?

हा प्रश्न विचारला तर निम्मे बदल टळतात.

पोझिशन म्हणजे मैदानावरची जागा. रोल म्हणजे त्या जागेवर उभं राहून करायचं काम. समजा तुमचा राइट बॅक पासिंगमध्ये हुशार आहे आणि तुम्हाला तो मधल्या फळीत हवा आहे. त्याला डिफेन्सिव्ह मिडफिल्डर बनवायची गरज नसेलही. राइट बॅकच ठेवून इन्व्हर्टेड विंगबॅकचा रोल द्या, चेंडू आपल्याकडे असताना तो आपोआप आत सरकतो. मँचेस्टर सिटीने २०२२-२३ मध्ये जॉन स्टोन्सला बचावातून पुढे मधल्या फळीत सरकवलं, त्याच धर्तीची ही चाल आहे. कागदावर डिफेंडर, चेंडू आल्यावर मिडफिल्डर.

टॅक्टिकच्या स्क्रीनवर पोझिशनचा एक गोल आणि रोलचा दुसरा गोल दिसतो. पहिला सांगतो की ही जागा खेळाडूच्या ओळखीची आहे का. दुसरा त्याच्या गुणांवरून ठरतो, म्हणजे हे काम त्याच्याच्याने होईल का. माझ्या विंगरचा पहिला गोल हिरवा झाला होता. दुसऱ्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

एफएम २६ मध्ये चेंडू असतानाची रचना आणि चेंडू नसतानाची रचना वेगवेगळी लावता येते. त्यामुळे तिथे हा प्रश्न दोनदा विचारायचा: आपल्याकडे चेंडू असताना हा कुठे उभा राहणार, आणि नसताना कुठे? दोन्ही जागांचे गोल तपासा.

३. गुण पाहा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

ट्रेनिंगने जागेची ओळख होते. त्या जागेला लागणारे गुण त्याच वेगाने येत नाहीत, आणि काही तर येतच नाहीत. प्रत्येक खेळाडूची आजची क्षमता आणि कमाल क्षमता गेममध्ये २०० पैकी आकड्यात लपवलेली असते. जो आपल्या छताला टेकला आहे, त्याला नवी जागा शिकवता येते, पण त्याचं मार्किंग ५ वरून १२ वर जाईल ही आशा सोडा. म्हणून उमेदवार असा निवडायचा, ज्याच्याकडे नव्या जागेचे निम्म्याहून जास्त गुण आधीच आहेत आणि जुन्या जागेवर ते वाया जात आहेत.

विंगरचा फुलबॅक किंवा विंगबॅक. हा सगळ्यांत जास्त होणारा बदल. पेस, ॲक्सिलरेशन, स्टॅमिना, क्रॉसिंग बहुधा असतातच. पाहायचं ते वर्क रेट, टीमवर्क, पोझिशनिंग आणि कॉन्सन्ट्रेशन. टॅकलिंग थोडं कमी असलं तरी निभतं, पोझिशनिंग नसेल तर नाही निभत. आणि इथे एक गंमत लक्षात ठेवा: पोझिशनिंग हा गुण बचावातल्या जागेचा आहे. हल्ल्यात योग्य जागी पोचण्याचा गुण वेगळा, त्याचं नाव ऑफ द बॉल. विंगरचं ऑफ द बॉल १५ पाहून ‘याला जागेची समज आहे’ असं म्हणणारे मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

खऱ्या मैदानावर याची उदाहरणं आपल्या जवळचीच आहेत. गोव्याचा मंदार राव देसाई एफसी गोवात विंगर होता. सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक असताना तो लेफ्ट बॅक झाला आणि पुढे लोबेरांच्याच हाताखाली मुंबई सिटीकडून २०२०-२१ ला इंडियन सुपर लीगचं (आयएसएल) साखळीतलं शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकला. बायर्नच्या अल्फोन्सो डेव्हिसचं २०१९-२० मध्ये असंच झालं. बचावातले खेळाडू जायबंदी झाले, अलाबा मध्ये सरकला, डावीकडे या पोराला उभं केलं आणि मोसमाअखेर तीन करंडक आले. दोघांकडे धावण्याची ताकद आधीपासून होती. मागे उभं राहायला ते नंतर शिकले.

डिफेन्सिव्ह मिडफिल्डरचा सेंटर बॅक. मानसिक गुण इथे जवळजवळ सगळे जुळतात: अँटिसिपेशन, पोझिशनिंग, डिसिजन्स. अडतं ते जम्पिंग रीच आणि हेडिंगवर. याव्हिएर मॅशेरानो १.७४ मीटर उंचीचा, तरी बार्सिलोनात वर्षानुवर्षं सेंटर बॅक खेळला. कारण चेंडू बहुतेक वेळ बार्सिलोनाकडेच असायचा. तुमचा संघ इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये असेल आणि समोरून दर दोन मिनिटांनी लांब उंच चेंडू येणार असेल, तर मॅशेरानोचं उदाहरण विसरा. जम्पिंग रीच किमान तुमच्या लीगच्या सरासरीइतका हवाच.

ॲटॅकिंग मिडफिल्डरला खाली आणणं. हा माझा आवडता बदल. वय वाढलं, पाय मंदावले, पण पासिंग, व्हिजन, फर्स्ट टच आणि कम्पोजर शाबूत आहेत, असा खेळाडू खाली येऊन डीप लाइंग प्लेमेकर (मागून पास देऊन खेळ रचणारा) म्हणून तीन-चार वर्षं सहज काढतो. वयाने शारीरिक गुण घसरतात, मानसिक गुण बऱ्याचदा तिशीतही टिकतात किंवा वाढतात, म्हणून हे जमतं. इटलीच्या पिर्लोला मात्र यासाठी म्हातारं व्हावं लागलं नव्हतं. २००१ मध्ये ब्रेशियात प्रशिक्षक माझोनेने त्याला मागे खेळवलं, कारण पुढे बाजिओ होता. नंतर मिलानमध्ये अँचेलोत्तीने तीच जागा त्याची केली.

स्ट्रायकर आणि विंगर यांची अदलाबदल. पेस आणि ड्रिब्लिंग असलेला विंगर, ज्याचं फिनिशिंग आणि कम्पोजर १३-१४ च्या पुढे आहे, तो आत आणा. आर्सेनलने १९९९ मध्ये युव्हेंटसकडून घेतलेला ऑन्री विंगवर खेळून आला होता. प्रशिक्षक व्हेंगरने त्याला मध्ये आणलं, पुढे क्लबसाठी २२८ गोल झाले. उलट दिशेने, म्हणजे स्ट्रायकरला विंगवर ढकलताना क्रॉसिंग पाहायला विसरू नका. क्रॉसिंग नसेल तर त्याला विरुद्ध पायाच्या बाजूला टाकून इनसाइड फॉरवर्ड (कडेवरून आत शिरून गोलवर मारणारा) करा.

पायाचा मुद्दा निघालाच म्हणून: डावा पाय ‘व्हेरी वीक’ असलेल्या खेळाडूला लेफ्ट बॅक करू नका. गोल हिरवा होईल, पण रेषेवरून क्रॉस टाकायची वेळ आली की तो चेंडू उजव्यावर घेण्यासाठी थांबेल, तोवर बॉक्समधले सगळे मार्क झालेले असतील.

गोलकीपरचं काही करायला जाऊ नका.

४. वय आणि लपलेला एक गुण

व्हर्सॅटिलिटी नावाचा गुण गेम दाखवत नाही. तो ज्याच्याकडे जास्त, तो नवी जागा लवकर उचलतो. अंदाज कसा बांधायचा? ज्याच्या मैदानावर आधीच तीन-चार पिवळे-हिरवे गोल आहेत, त्याच्यावर मी डाव लावतो. एकच गर्द हिरवा आणि बाकी सगळं लाल असेल तर जरा थांबतो.

वयाबद्दल माझा अनुभव साधा आहे. वीस-एकविशीपर्यंतचं पोर शिकता शिकता गुणही वाढवतं. अकादमीतून नव्याने आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर तर पहिल्याच आठवड्यात हा विचार करून टाकावा. सत्ताविशीनंतरच्या खेळाडूला शेजारच्याच जागेवर सरकवा: विंगरला विंगबॅक चालेल, सेंटर बॅक नाही.

५. ट्रेनिंग लावणं

हे काम दोन मिनिटांचं आहे. ट्रेनिंगमध्ये इंडिव्हिज्युअलचा टॅब उघडा, खेळाडूच्या ओळीत पोझिशन आणि रोल निवडा. तुम्हाला टॅक्टिकमध्ये जो रोल हवा तोच इथे निवडायचा, कारण त्या रोलचे गुणही सोबत घोटले जातात. मग तीन गोष्टी तपासा.

पहिली, युनिट. आठवड्याच्या वेळापत्रकात डिफेन्सिव्ह आणि ॲटॅकिंग असे गट असतात. विंगरला बॅक करायचंय आणि तो अजून ॲटॅकिंग गटातच सराव करतोय, असं माझ्या बाबतीत चार महिने चाललं होतं. त्याला स्वतः हलवा.

दुसरी, ओझं. पोझिशन, वर ॲडिशनल फोकस (एखाद्या गुणाचा जादा सराव), वर दुप्पट तीव्रता असं सगळं एकदम लादलं की वर्कलोड हेवी होतो, खेळाडू कुरकुरतो आणि दुखापतीची भीती वाढते. मी पहिले दोन महिने फक्त पोझिशन ठेवतो. नंतर टॅकलिंग किंवा पोझिशनिंगशी संबंधित फोकस जोडतो.

तिसरी, जबाबदाऱ्या. रिस्पॉन्सिबिलिटीजमध्ये वैयक्तिक ट्रेनिंग असिस्टंटकडे सोपवलेलं असेल तर तो साहेब तुमचा बदल कधी पुसून टाकतील, कळणारही नाही. ते काम स्वतःकडे घ्या.

६. सामन्यांशिवाय काही होत नाही

नुसत्या सरावाने गोल रेंगाळतो. त्या जागेवर खेळवलं की सरकतो. पण लीगच्या सामन्यात शिकाऊ माणूस उभा करणं म्हणजे शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकण्यासारखं. मी असा क्रम लावतो:

आधी प्री-सीझनमधल्या मैत्रीपूर्ण लढती. दोन-तीन सामने मुद्दाम आपल्याहून कमजोर संघाशी ठरवा आणि खेळाडूला पूर्ण वेळ नव्या जागेवर ठेवा. मग रिझर्व्ह किंवा एकवीस वर्षांखालचा संघ. खेळाडूला तिथे उपलब्ध करून ठेवा, पण तिथला प्रशिक्षक त्याला जुन्याच जागेवर तर खेळवत नाही ना, हे दोन सामन्यांनंतर पाहा. मग कपातले सुरुवातीचे सामने. मग लीगमध्ये ३-० ने पुढे असताना शेवटची वीस मिनिटं. गोल निदान कॉम्पिटन्टला पोचला की घरच्या मैदानावर पहिल्या अकरात.

पोराला लोनवर पाठवत असाल तर करारात पोझिशन आणि रोलची अट घालता येते. ती घालाच. नाहीतर तो तिकडे वर्षभर विंगर म्हणून खेळून, ताजातवाना, होता तसाच परत येतो.

कधी कधी हा सगळा क्रम नशीबच मोडतं. ३० नोव्हेंबर २०२१ ला नॉर्विचविरुद्ध न्यूकॅसलच्या क्लार्कला सुरुवातीलाच रेड कार्ड मिळालं आणि दहा जणांत स्ट्रायकर जोएलिंटन मधल्या फळीत उतरला. प्रशिक्षक एडी हाउने त्याला तिथेच ठेवलं. गेममध्येही असे सामने येतात. तेव्हा वैतागण्याऐवजी सामन्यानंतर त्याचे टॅकल, इंटरसेप्शन आणि धावलेलं अंतर उघडून बघा.

७. जुन्या सवयी

प्लेअर ट्रेट्स पोझिशनबरोबर बदलत नाहीत. आत कट मारायची सवय असलेला विंगर फुलबॅक झाला तरी आतच जाणार, आणि बाहेरची बाजू ओस पडणार. संधी मिळेल तेव्हा पुढे धावणारा मिडफिल्डर सेंटर बॅक म्हणून काय गोंधळ घालेल ते सांगायला नको. नको असलेली सवय सोडायला ट्रेनिंगमधून सांगता येतं, पण वेळ लागतो, आणि हे एकाच वेळी पोझिशनच्या तालमीवर लादलं की वर्कलोड पुन्हा डोकं वर काढतो. मी आधी पोझिशन, मग सवय असं करतो. तरुण असेल तर त्याच जागेवरच्या ज्येष्ठ खेळाडूबरोबर मेंटरिंगच्या गटात टाकतो. त्यातून बऱ्याचदा एखादी चांगली सवय फुकटात मिळते.

८. कधी सोडून द्यायचं

वहीतली तारीख बघा. माझा हिशेब असा: चार महिन्यांत गोलाचा रंग एक पायरीही चढला नाही आणि त्या जागेवर आठ-दहा सामने झालेले आहेत, तर थांबतो. रंग चढला पण लिहून ठेवलेले गुण तसेच आहेत, तर त्याला त्या जागेचा बदली खेळाडू मानतो आणि बाजारात पहिल्या पसंतीचा खेळाडू शोधायला लागतो. बदली म्हणूनही त्याची किंमत कमी नाही. बाकावर तीन जागा खेळणारा एक माणूस असला की दोन पगार वाचतात. मुंबईचा राहुल भेके राइट बॅक आणि सेंटर बॅक दोन्ही खेळतो, आणि बेंगळुरूसाठी २०१९ ची आयएसएल फायनल जिंकून देणारा हेडरही त्याचाच. असा एखादा संघात असावा.

एक काळजी घ्या. खेळाडूला करारात जो प्लेइंग टाइम कबूल केलाय, तो शिकायच्या काळात पाळला जात नसेल तर तो तुमच्या दारात येतो. मुख्य खेळाडू म्हणून सही केलेल्याला रिझर्व्हमध्ये धाडण्याआधी हे तपासा.

माझा तो विंगर? पुढच्या उन्हाळ्यात मी फुकटात एक बत्तिशीचा लेफ्ट बॅक आणला आणि विंगरला परत वर पाठवलं. त्याचा डावा बॅकचा गोल अजून हिरवट आहे. सत्तर मिनिटांनंतर दोन गोलांनी पुढे असलो की त्याला अजूनही तिथे उभा करतो, टॅकलिंग आता ८ झालंय.